भिकाजी धुरींचा माटव आणि पहिली पावती

प्रत्येक मनुष्य कशात ना कशात तरी पहिला असतो, असे सूज्ञ लोक म्हणतात. कोणी परीक्षेत पहिला असतो, कोणी जेवणाच्या पंक्तीत, तर कोणी भांडणात. मौजे आडवठार येथील श्रीयुत भिकाजी धुरी हे घरपट्टी भरण्यात पहिले होते. प्रतिवर्षी एप्रिलच्या पहिल्या तारखेस, नवे आर्थिक वर्ष अद्याप डोळे चोळीत असतानाच, ते इस्त्रीचा सदरा घालून ग्रामपंचायतीच्या पायरीवर उभे राहत आणि नव्या पुस्तकातील पावती क्रमांक एक आपल्या नावे फाडून घेत. हा क्रम अकरा वर्षे अखंड चालला होता.

या गोष्टीचे महत्त्व परगावच्या वाचकास चटकन उमगणार नाही, म्हणून थोडे सांगणे अवश्य आहे. आडवठार हे मानाचे गाव आहे. देवळात पहिला नारळ कोणाचा फुटावा, पालखीला पहिला खांदा कोणी द्यावा, शिमग्यात होळीच्या झाडावर पहिली कुऱ्हाड कोणाची पडावी, हे सर्व येथील पूर्वजांनी ठरवून ठेवलेले आहे. पूर्वजांपाशी वेळ पुष्कळ होता. या सर्व ठिकाणी पहिला मान परबांचा आणि दुसरा धुऱ्यांचा. कैक पिढ्या धुरी घराण्याने परबांची पाठ पाहिली. सुदैवाने पूर्वजांनी मान वाटले तेव्हा ग्रामपंचायत नव्हती. त्यामुळे घरपट्टीचा पहिला मान बेवारस राहिला, आणि भिकाजींनी तो अकरा वर्षांपूर्वी उचलला. देवळात दुसरे, पण पंचायतीत पहिले, या एका वाक्यावर ते ताठ मानेने चालत असत.

यंदाही ते नियमाप्रमाणे गेले. जुने ग्रामसेवक बदलून रेडीकडे गेले होते आणि त्यांच्या जागी संचिता मॅडम म्हणून फोंडाघाटाच्या वरच्या अंगाच्या एक तरुण ग्रामसेविका पंधरा दिवसांपूर्वीच रुजू झाल्या होत्या. त्यांनी भिकाजींना खुर्ची दिली, संगणकात पाहिले, आणि म्हणाल्या,

"काका, पावतीपुस्तक अजून तालुक्याहून यायचं आहे. सोमवारी येईल. पण तुमच्या नावावर थकबाकी दिसते."

माडाखाली निर्धास्त उभ्या असलेल्या मनुष्याच्या मस्तकावर नारळ पडावा, तसा तो शब्द भिकाजींवर पडला.

"माझ्या नावावर? मॅडम, आपण कृपया पुनश्च अवलोकन करावे." कचेरीत भिकाजी मालवणी बोलत नसत. तेथे ते जे बोलत, ते पुस्तकातही क्वचितच सापडते.

"घर क्रमांक एकशे चौदा, भरलेली आहे. एकशे चौदा ब, शेड, तीनशे वीस चौरस फूट. सहा वर्षं भरलेलीच नाही. जुन्या वहीत या 'ब' नोंदी मागच्या पानांवर होत्या. आता सगळं संगणकावर एकत्र आलं, म्हणून दिसलं."

"माझ्या घरास शेड नाही. घरापुढे खळे आहे आणि खळ्यावर माटव आहे."

"माटव म्हणजे काय?"

मासळीला 'पाणी म्हणजे काय' असे कोणी विचारले तर तिची जी अवस्था होईल, ती भिकाजींची झाली. पावसाळा सरला की अंगण चोपून करायचे ते खळे, त्याच्यावर मेढी, म्हणजे खांब, रोवून, वासे टाकून, माडाचे विणलेले झाप घालून जी सावली करायची तो माटव, आणि मृगापूर्वी तो उतरवून ठेवायचा, हे ज्ञान येथे आईच्या दुधाबरोबर मिळते. ते शब्दांत सांगण्याची पाळी त्यांच्यावर प्रथमच आली. त्यांनी सांगितले. मॅडमनी मान खाली घालून सर्व लिहून घेतले.

"म्हणजे तात्पुरता मांडव. मोजणी सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात झालेली दिसते. तेव्हा तो उभा होता, मोजणाऱ्यानं शेड लिहिली."

"मग खोडून टाकावी."

"अशी खोडता येत नाही, काका. जागेवर येऊन पंचनामा करावा लागेल. तो झाला की ती रक्कम बाजूला ठेवून तुमची नवी घरपट्टी घेता येईल, आणि नोंद मासिक सभेत कमी होईल. उद्या मला बैठक आहे, परवा सुट्टी. शनिवारी मी मुद्दाम येते. माटव जागेवर पाहते."

रक्कम मोठी नव्हती. भरून टाकली असती तर प्रकरण तेथेच मिटते, असे शहाण्या वाचकाला वाटेल. परंतु ती भरणे म्हणजे सहा वर्षे आपण थकबाकीदार होतो, असे स्वहस्ताक्षरात कबूल करणे. भिकाजींनी त्यापेक्षा माडावरून उडी मारणे पत्करले असते.

शिपाई शिवा याच्या पोटात पाणी राहत नाही, मग थकबाकी कुठली राहायला? संध्याकाळी परशुराम परब, म्हणजे देवळातला पहिला मान, धुऱ्यांच्या माटवाखाली येऊन आरामात बसला.

"काय रे भिकाजी, थकबाकीदार झालंस म्हणतत?"

"तांत्रिक बाब आसा," भिकाजी म्हणाले.

"असांदे, असांदे. पण सोमवारी पुस्तक येतला. पयली पावती तशीच रवान बरी नाय, गावाची अब्रू आसा. तुका जमणा नाय तर मी भरतंय मगे."

हे ऐकून भिकाजींनी रात्रीची पेज तशीच बाजूला सारली. देवळातला पहिला, पालखीतला पहिला, आणि आता पंचायतीतही पहिला! मग धुऱ्यांनी पहिले व्हायचे तरी कशात?

दुसऱ्या दिवशी ते तालुक्याच्या कचेरीत गेले. तेथील कारकुनाने अत्यंत आदराने त्यांचे म्हणणे ऐकले, चहा पाजला, आणि हे काम तुमच्या ग्रामसेविकेचे आहे असे सांगून परत पाठवले. एसटीतून उतरल्यावर ते घरी न जाता थेट भाई सामंतांच्या ओट्यावर गेले. भाई हे निवृत्त तलाठी. महसुलात पस्तीस वर्षे काढल्यामुळे त्यांच्यापाशी प्रत्येक रोगावर औषध असे. ते रोगावर चाले की रोग्यावर, हे मात्र आधी कळत नसे.

भाईंनी पान जमवले आणि विचारले, "मॅडम कित्याक येतली?"

"माटव बघूक."

"आणि तू तो दाखवतलंस? अरे खुळ्या, पुरावो उभो करून कोण कज्जो जिंकलो हा? माटव काढ. शनिवारी ती येतली, उघडां खळां बघतली, आणि 'शेड नाही' म्हणान लिवन जातली. वस्तूच नाय, तर कर कसलो?"

भिकाजींना हा युक्तिवाद इतका सुंदर वाटला की त्यांनी भाईंना वाकून नमस्कार केला.

भिकाजींच्या पत्नी सुगंधा वहिनींना मात्र तो सुंदर वाटला नाही. "ओ, आपल्या श्रियाचा लगीन वैशाखात. माटव आता उतरवलात तर लोक काय म्हणतले?"

"सुगंधा, ही शासकीय बाब आसा."

"मगे शासनाक सांगा शिडी धरूक."

शिडी अर्थात त्यांनीच धरली. शुक्रवारी सकाळपासून भिकाजी एकेक झाप सोडू लागले. झाप सोडण्याचीही एक रीत असते, आधी कडेचे सोडून मग मधले सोडायचे. भिकाजींनी मधले आधी सोडले. त्यामुळे कडेचे झाप आपखुशीने सर्वच्या सर्व एकदम खाली आले आणि धुरी कुटुंबप्रमुख काही काळ दिसेनासे झाले. दुपारपर्यंत खळे उघडे पडले. चैत्राच्या उन्हात ते असे तळपू लागले की त्याच्याकडे पाहवेना.

आणि मग माणसे येऊ लागली. आधी कोपऱ्यावरच्या राधाबाई आल्या, मासे विकून परत जाताना. टोपली खाली ठेवून त्या वहिनींजवळ बसल्या, पदर डोळ्यांना लावला, आणि हळूच म्हणाल्या, "कशान मोडला गो बाय?"

"काय मोडला?"

"लगीन!"

भर चैत्रात, लग्न महिन्यावर आलेल्या घराचा माटव उतरला, याचा दुसरा अर्थ आडवठारात होत नाही. तिन्हीसांजेपर्यंत अठरा माणसे सांत्वनास येऊन गेली. चार जणींनी नव्या स्थळांची नावेही सुचवली. सातच्या सुमारास खारेपाटणहून श्रियाच्या भावी सासऱ्यांचा फोन आला.

"धुरीसाहेब, आमचं काही चुकलं का?"

"छे छे! आपण गैरसमज करून घेऊ नये. केवळ कराची बाब आहे."

"लग्नावर कर लागला?"

"लग्नावर नव्हे, माटवावर. म्हणून तो नष्ट केला."

 शेवटी वहिनींनी फोन हिसकावून घेतला आणि तीन वाक्यांत सर्व समजावून सांगितले. आपल्याला हे तीस वाक्यांतही का जमले नसते, याचा विचार भिकाजी बराच वेळ करीत होते.

शनिवारी दहा वाजता, सुट्टीच्या दिवशी, मॅडम स्कूटरवरून आल्या. हातात फीत, काखेत वही. भिकाजींनी लग्नातल्या यजमानासारखे पुढे होऊन दोन्ही हातांनी उघडे खळे दाखवले.

"माटव कुठे आहे, काका?"

"नाही!"

"नाही म्हणजे?"

"काल समूळ काढून टाकला. आपण सुखाने लिहावे, शेड नाही."

मॅडमनी वही मिटली आणि उन्हातच ओट्याच्या पायरीवर बसल्या. "काका, हे काय केलंत? 'शेड काढली' असं मी लिहिलं, तर परवापर्यंत शेड होती असाच त्याचा अर्थ होतो. मग सहा वर्षांची बाकी पक्की. शेड नव्हती, माटव होता, असं लिहायचं तर मला माटव दिसायला नको?"

भाई सामंत त्या वेळी कुंपणापलीकडून ऐकत होते. त्यांना अकस्मात घरी काम आठवले.

भिकाजी उतरवलेल्या झापांकडे पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून दुसरी कोणी अधिकारी असती, तर 'नियम तो नियम' म्हणून निघून गेली असती. मॅडमनी मात्र वहिनींनी पुढे केलेले कोकम सरबत घेतले, घड्याळ पाहिले आणि विचारले, "सोमवारी सकाळी आठला, कचेरी उघडायच्या आत, मी पुन्हा येऊ शकते. तोवर उभा राहील?"

हाताशी माणसे असतील तर माटव एका दिवसात उभा राहतो. प्रश्न माणसांचा नव्हता, कारण माटवाची हाक आली की गावाने जायचे, मजुरी घ्यायची नाही, फक्त चहा-उसळ घ्यायची, असा आडवठारचा प्रघात आहे. प्रश्न असा होता की माटवाची पहिली मेढ परबांच्या हातून रोवली जाते. पूर्वजांनी तेवढेही सोडले नव्हते. म्हणजे ज्या माटवामुळे परशुरामाची पहिली पावती जाणार, तो रोवायला परशुरामालाच बोलवायचे!

भिकाजी रविवारी पहाटे परबांच्या दारात गेले.  परशुराम दात घासत होता. त्याने पाहिले, चूळ भरली आणि म्हणाला, "पहार घरात आसा काय तुझ्या, का माझी हाडू?"

त्या रविवारी वीसबावीस माणसे धुऱ्यांच्या खळ्यात राबली. परशुरामाने पहिली मेढ रोवली आणि नंतर स्वतःच शिडीवर चढून झाप बांधू लागला. वरून तो ओरडला, "बघा रे, माझ्या पावतीक मीच सुंभान फास लायतंय!" खळे हसले. असे म्हणता म्हणताच त्याने सुंभाची गाठ अशी आवळली की स्वतःच्या घराच्या माटवाला त्याने तशी आवळली नसेल. मनुष्यस्वभाव किती गहन असतो, हे खालून झाप देणाऱ्या भिकाजींना त्या क्षणी जाणवले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. झापाची कुसळे गेली, असे त्यांनी सांगितले.

सोमवारी आठला मॅडम हजर. त्यांनी फीत लावली, मेढ हलवून पाहिली, गाठ ओढून पाहिली. सर्व गाव पाहत होता.

"काका, माटव म्हणजे काय ते तुमच्या शब्दांत सांगा. पंचनाम्यात तसंच लिहिते."

भिकाजी उभे राहिले. "पावसाळा सरल्यावर जो उभा राहतो आणि मृगाच्या आत जो उतरतो, ज्यास भिंत नाही, दार नाही, कुलूप नाही, आणि ज्याच्या सावलीत बसलेल्या माणसास 'ऊठ' असे कोणी म्हणत नाही, तो माटव."

मॅडम लिहीत होत्या. "शेवटचं वाक्य शासनाला लागणार नाही," त्या म्हणाल्या, "पण राहू दे."

पंच म्हणून परशुरामाने सही केली. भिकाजींचा मार्ग मोकळा झाला. मग मॅडमनी वहीचे दुसरे पान उलटले.

"आता घर क्रमांक एकशे दोन ब, परशुराम परब, शेड, चारशे चौरस फूट. थकबाकी सहा वर्षं."

"माझोय?" परशुरामाचा आवाज चिरकला.

"एकशे अठ्ठेचाळीस घरांत त्र्याऐंशी शेडी आहेत. शनिवारी इथून जाताना मी गावातून चालत गेले. सगळे माटवच आहेत. ज्यांचे पंचनामे होतील त्यांना आजपासून घरपट्टी भरता येईल. काकांच्या वेळी कोणाचंच प्रकरण मिटलेलं नव्हतं, म्हणून चाललं. आता मात्र पंच असा हवा, ज्याचं स्वतःचं प्रकरण मिटलंय." आणि त्यांनी भिकाजींकडे पाहिले.

आता वाचकांनी त्या घटकेची अवघड स्थिती ध्यानात घ्यावी. कचेरी दहाला उघडणार होती. पावतीपुस्तक आले होते. बाकीची पासष्ट घरे मुंबईकरांची, कुलपे लागलेली; त्यामुळे गावात हजर असलेल्यांत पैसे भरण्यास पात्र असा एकच मनुष्य होता. सरळ चालत जाऊन पायरीवर उभे राहायचे, एवढेच बाकी होते.  परशुराम आपल्या तळहातांकडे पाहत होता. सुंभाने ते सोलवटले होते.

राधाबाई पुढे आल्या. "भिकाजी, माझो माटव दोन झापांचो. पण माकाय तेनी शेड लिवली हा. येतलंस मां रे?"

भिकाजींनी एकदा कचेरीच्या दिशेने पाहिले. मग ते म्हणाले, "चला मॅडम. आदी राधाबाय, मगे परब."

साडेदहापर्यंत सात पंचनामे झाले. मॅडम कचेरीकडे वळल्या आणि त्यांच्या पाठोपाठ परशुराम. भिकाजींनाही निघायचे होते, पण आठव्या घरच्यांनी त्यांचा हात धरून ठेवला. "मॅडम दुपारी परत येतली. तोवर तुमी हय बसा. माटव खराच माटव आसा काय, ता तुमीच बघून ठेवा." गावाने त्यांना अधिकारी करून टाकले होते, आणि अधिकाऱ्याला उठून जाता येत नाही. अकराच्या सुमारास परशुराम रस्त्यावरून आला. हातातली पावती त्याने माडाच्या सावलीतूनही दिसेल अशी धरली होती.

"क्रमांक एक!" तो म्हणाला. पण त्याला वाटली होती तितकी मजा आली नसावी, कारण लगेच म्हणाला, "तू जेवलंस काय रे?"

पुढचे पाच दिवस भिकाजी मॅडमबरोबर दारोदार फिरले. ती मुलगी (खरे म्हणजे अधिकारी, पण भिकाजींच्या मनात आता ती मुलगीच होती) डोक्यावर रुमाल टाकून एकेक मेढ मोजायची, म्हातारीकोतारी माणसे बोलत सुटली तर ऐकून घ्यायची, आणि दर संध्याकाळी सात वाजता शिवाला सांगायची, "उद्या आठला." दोन जणांनी माटवाच्या नावाखाली सिमेंटची गाळेवजा खोली बांधलेली निघाली. त्यांना तिने भिकाजींची व्याख्या मोठ्याने वाचून दाखवली. 'कुलूप नाही' या शब्दांशी ती थांबली आणि कुलपाकडे पाहिले. दोघांनीही निमूटपणे पैसे भरले. असे वागणारी माणसे सरकारात असतात, हे भिकाजींना आजवर कोणी सांगितले नव्हते. मुंबईकरांनी मोबाइलवरून पैसे पाठवले, कारण गावची बातमी आडवठारहून परळला पोचायला दहा मिनिटे पुरतात.

रविवार सोडून सोमवार आला. दुपारी मॅडमनी संगणक पाहिला आणि कचेरीच्या व्हरांड्यात आल्या. तेथे अर्धा गाव बसलेला होता.

"एकच घर राहिलं आहे. एकशे चौदा."

सर्वांनी भिकाजींकडे पाहिले. दुसऱ्यांच्या सह्या करता करता स्वतःची घरपट्टी भरायचीच राहून गेली होती. अकरा वर्षे पहिला आलेला मनुष्य सबंध गावात शेवटचा निघाला! कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन त्यांनी खिशात हात घातला.

मॅडमनी पावती लिहिली, शिक्का मारला, आणि पावती देताना उभ्या राहिल्या. आजवर पावती देताना कोणी उभे राहिले नव्हते.

"काका, पहिली पावती कोणीही घेऊ शकतो. गावाची वसुली शंभर टक्के झाली ती तुमच्या पावतीनं. माझ्या माहितीत तरी इतक्या लवकर असं कुठं झालेलं नाही." आणि त्यांनी शिवाला फळ्यावर 'वसुली १००%' असे लिहायला सांगितले.

व्हरांड्यात टाळ्या पडल्या. भिकाजींची मान, जी आठवडाभर खाली होती, ती हळूहळू इतकी वर आली की सदऱ्याचे वरचे बटण तुटले.

परशुरामाने आपली पावती काढून पाहिली. मग भिकाजींची पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर जुने, वंशपरंपरेचे काहीतरी जागे झाले.

"मगे फुडच्या वर्षी शेवटची माझी!" तो म्हणाला. "मार्च संपासर मी दमडी भरूचंय नाय!"

"शेवटचो मान धुऱ्यांचो ठरलो आता," भिकाजी कडाडले. "तू मार्चात भर, मी तुझ्या मागसून भरतंय!"

"मी तुमच्या दोघांच्या मागसून!" मागून कोणीतरी ओरडले. पाहता पाहता सगळा व्हरांडा पुढल्या वर्षी सर्वांत उशिरा घरपट्टी भरण्याच्या शपथा घेऊ लागला. खुर्चीत बसलेल्या भाई सामंतांनी कपाळावर हात मारला. शंभर टक्के वसुलीचे गाव एका मिनिटात शून्यावर येऊ घातले होते.

मॅडमनी पेनाला टोपण लावले.

"चालेल," त्या म्हणाल्या. "शेवटच्या पावतीचा मान मला मंजूर आहे. फक्त शेवट कधी, ते मी ठरवणार. पुढल्या वर्षी शेवट सात एप्रिलला, संध्याकाळी पाच वाजता. त्यानंतर येईल त्याला मान नाही, नुसती नोटीस."

 परब आणि धुरी या दोन घराण्यांचे मानकरी मदतीच्या आशेने एकमेकांकडे पाहू लागले. असे आडवठारच्या इतिहासात प्रथमच घडत होते. आणि महसुलात पस्तीस वर्षे मुरलेले भाई सामंत खुर्चीतून उठले, पायांतल्या वहाणा बाजूला काढल्या आणि त्या पोरवयाच्या ग्रामसेविकेला त्यांनी दोन्ही हात जोडले.